कापसापासून सदऱ्यापर्यंत : लहान कापडधंद्याचा हिशेब

कापूस आपण पिकवावा, तो पडेल त्या भावाने विकावा, आणि त्याच कापसाचा सदरा नाशकास जाऊन हजार-बाराशे रुपये मोजून आणावा, हा व्यवहार विचारी शेतकऱ्याच्या मनास टोचतो यात नवल नाही. मालेगाव, नांदगाव, येवला या बाजूच्या ज्या कापूसवाल्या कुटुंबांतील मुलेमुली शहरात शिकून आली आहेत, त्यांच्या घरी हल्ली एक बेत वारंवार निघतो. तो असा की, आपल्याच कापसाचे सूत काढवून घ्यावे, ते विणवावे, झाडपाल्याच्या रंगात रंगवावे, घरच्या व शेजारच्या बायकांकडून शिववून घ्यावे, आणि नाशकास द्वारकेच्या चौकाजवळ एखादा गाळा घेऊन तयार कपडे विकावे. जमिनीस विष नाही, नदीस मैल नाही, विणकरास व शिवणारणीस पुरती मजुरी, आणि कपडाही असा की तो चार धुण्यांत विटू नये. बेत चांगला आहे. त्याची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु द्राक्षाचे वा कांद्याचे आलेले पैसे त्यात घालण्यापूर्वी त्याचा हिशेब कागदावर मांडणे अवश्य आहे, आणि तो मांडावा म्हणूनच हा लेख.

प्रथम कापसाचेच पाहू. एक क्विंटल कापूस वटविला असता सुमारे ३४ किलो रुई निघते. बाकीची सरकी आणि थोडी घट. रुई पिंजून, तिचे पेळू करून सूत काढीपर्यंत शेकडा १५ च्या आसपास तूट येते, म्हणजे २९ किलो सूत हाती लागते. विणताना आणखी किलोभर जाते. राहिलेल्या २८ किलो सुताचे, चौरस मीटरास १४० ग्रॅम भरेल असे मध्यम जाडीचे कापड एक मीटर पन्ह्याचे विणले तर २०० मीटर होईल. मोठ्या माणसाच्या सदऱ्यास असे अडीच मीटर कापड धरले, तर एका क्विंटलाचे ८० सदरे होतात.

आता भाव लावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलास ७७१० रुपये ठरला. त्यास ८० ने भागले तर सदऱ्यामागे ९६ रुपये येतात. त्यातूनही सरकीचे पैसे वजा जावयाचे. म्हणजे बाराशे रुपयांच्या सदऱ्यात शेतकऱ्याचा कापूस शंभर रुपयांचाही नाही.

या आकड्यावरून लोक दोन अगदी उलट निष्कर्ष काढतात. पहिला असा की, उरलेले अकराशे रुपये मधला दलाल खातो, तेव्हा ते आपण खावे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ते पैसे कोठे जातात ते पुढे दाखवितो. दुसरा निष्कर्ष क्वचितच कोणी काढतो, पण तोच कामाचा आहे. कापसाचा भाव शेकडा २० ने वाढवून दिला तरी सदऱ्याची किंमत १९ रुपयांनीच वाढते. बाराशेचा सदरा बाराशे एकोणीसला पडला म्हणून कोणी गिऱ्हाईक परत फिरत नाही. म्हणजे जो दुकानदार ‘कापूसवाल्यास जादा भाव देणे परवडत नाही’ असे म्हणतो, त्याचे म्हणणे हिशेबात टिकत नाही. त्याचप्रमाणे ‘कापूस घरचा आहे, म्हणून कपडा स्वस्त पडेल’ असे जो शेतकरी म्हणतो, त्याचेही टिकत नाही. घरच्या कापसाने सदऱ्यामागे फार तर पाच-दहा रुपयांचा फरक पडेल.

आता त्या अकराशे रुपयांचा माग काढू. येथून पुढचे दर आम्ही उदाहरणादाखल धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालून हीच बेरीज पुन्हा करावी. सदऱ्यापुरते सूत ११० रुपयांचे धरा. साध्या हातमागावर चांगला विणकर दिवसाकाठी पाच मीटर कापड विणतो असे समजा व त्यास दिवसाचे ५०० रुपये द्या. मीटरामागे १०० रुपये, म्हणजे सदऱ्यास २५० रुपये नुसते विणण्याचे झाले. ताणा लावणे, खळ देणे यांचे ३०. रंगाईचे ९०. बेतणे व शिवणे २२०. गुंड्या, चिठ्ठी, वेष्टण ३०. बेरीज ७३० रुपये. दलाल अजून यात आलाच नाही. सारे पैसे हातांच्या मजुरीचे आहेत, आणि ती मजुरी पुरती देणे हाच तर आपल्या धंद्याचा मूळ हेतू आहे.

तेच कापड मालेगावच्या यंत्रमागाचे घेतले तर चित्र पालटते. मीटरास ६० रुपये धरले तर सदऱ्याचे कापड १५० रुपयांत येते. सूत, विणाई व ताणा मिळून जे ३९० होत होते त्यांतून २४० वाचतात आणि सदरा ४९० रुपयांत पडतो. मालेगावचा हा धंदा आपल्याच जिल्ह्याचा आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी तो तेथे रुजविला, आणि पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. तेथील कोरे सुती कापड घेण्यात आम्हांस काही कमीपणा वाटत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. एक, तेथे मिश्र धाग्याचे कापडही पुष्कळ निघते, म्हणून ताग्याच्या कडेचे चार धागे काढून जाळून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी बनते. दुसरी गोष्ट, अशा कापडाच्या कपड्यावर ‘हातमाग’ हा शब्द कदापि घालू नये.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण येथे भल्या माणसाचे पाऊल घसरते. ‘खादी’ हा शब्द वाटेल त्याने वाटेल त्या कापडास लावावा अशी मोकळीक आता नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१३ साली खादीचिन्हाचे नियम केले, आणि त्या नोंदणीवाचून खादी म्हणून माल विकता येत नाही. हातमागाच्या कापडास २००६ पासून हातमागचिन्ह आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द तर सर्वांत अवघड. खत-औषध न घातलेल्या पहिल्याच वर्षाचा कापूस सेंद्रिय म्हणून प्रमाणित होत नाही. हंगामी पिकांच्या जमिनीस पेरणीपूर्वी दोन वर्षांचा पालटाचा काळ काढावा लागतो. शिवाय बीटी वाणाचा कापूस, त्यास एक थेंब औषध मारले नसले तरी, सेंद्रिय ठरत नाही. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून बाजारात बहुतेक बियाणे त्याच जातीचे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा ज्यास हा शब्द वापरावयाचा असेल त्याने आरंभ दुकानापासून न करता बियाण्यापासून करावा. देशी वाणाचा आखूड धाग्याचा कापूस बारीक सुताच्या गिरण्यांस नकोसा असतो, पण जाड्याभरड्या सुतास तो उत्तम चालतो. ज्यास एवढा काळ थांबावयाचे नाही त्याने चिठ्ठीवर ‘सुती कापड, यंत्रमागावर विणलेले, डाळिंबाच्या सालीने रंगविलेले’ असे खरे तेवढेच लिहावे. सुजाण गिऱ्हाइकास तेवढे पुरते.

‘आमच्याच कापसाचे सूत’ हा जो बेताचा गाभा, तोच सर्वांत अडचणीचा आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तो आकडा. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. साध्या सदऱ्यास २० ते ४० नंबरचे सूत लागते. असे एकसारखे सूत गिरणी काढते. पण दहा-वीस क्विंटलांच्या कापसासाठी कोणतीही मोठी गिरणी आपली यंत्रे रिकामी करून देत नाही. आपली रुई दुसऱ्यांच्या रुईत मिसळते आणि सूत परत येते ते कोणाचे हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. लहान प्रमाणावर चांगले सूत काढणे हा प्रश्न जुनाच आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्या काळचे एक लाख! आपल्या किर्लोस्करवाडीतूनही त्यासाठी खटपट झाली, पण बक्षीस कोणासच मिळाले नाही. पुढे अंबर चरखा आला व काम पुष्कळ हलके झाले, तरी हातसुताची मजुरी गिरणीच्या सुताशी स्पर्धा करू शकत नाही, ती नाहीच.

ज्यास हे सर्व टप्पे एकाच छपराखाली पाहावयाचे असतील त्याने वर्ध्यास जावे. तेथील मगनवाडीत १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. जे. सी. कुमारप्पा यांचा ग्रामोद्योग संघ याच मगनवाडीत होता. त्या संस्थेने अलीकडच्या काळात सेंद्रिय कापूस, चरख्याचे सूत, हातमाग आणि वनस्पतींचे रंग ही साखळी आसपासच्या गावांतील शेतकरी व स्त्रिया यांना घेऊन जुळविली आहे. मात्र ती संस्था आहे, घरगुती दुकान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. संस्थेस नाव असते, कार्यकर्ते असतात, आणि नफ्याची घाई नसते. तिच्याकडून रीत शिकावी; हिशेब आपला आपण करावा.

आता द्वारकेकडे येऊ. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे मिळतात. आग्रा रस्त्याने गेले की मालेगाव, पुणे रस्त्याने गेले की नासर्डीचा पूल, नाशिकरोड आणि पुढे सिन्नर. चौकात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत माणसांची व गाड्यांची रीघ लागलेली असते, आणि ती पाहून नव्या दुकानदारास वाटते की, हजारांतील एक जरी आत आला तरी आपले भागले. आमचे मत निराळे आहे. द्वारकेस गर्दी आहे खरी, पण ती जाणारी गर्दी आहे. कोणास गाडी गाठावयाची, कोणास उड्डाणपुलाखालून वाट काढावयाची. हातात पिशवी घेऊन चार सदरे अंगास लावून पाहणारा माणूस तो हा नव्हे. माल आणण्यास व पाठविण्यास मात्र ही जागा फार सोयीची आहे. मालेगावचे तागे येथे सहज उतरतात आणि मुंबई-पुण्याचे गठ्ठे येथूनच निघतात. तेव्हा आतल्या बाजूस, रस्त्याचे तोंड नसलेली कमी भाड्याची खोली कोठार व पाठवणीसाठी घेणे यात शहाणपण आहे. दर्शनी गाळ्यात आहे की नाही, हे पुढील आकड्यांवरून वाचकांनीच ठरवावे.

दरमहाचा ठरलेला खर्च धरा : गाळ्याचे भाडे १५,०००, विक्रीस बसणाऱ्या बाईचा पगार १२,०००, वीज, फोन, वाहतूक मिळून ५,०००, गुंतलेल्या भांडवलाचे व्याज सुमारे ३,३५०, आणि नमुने, खराब माल, किरकोळ असे ४,६५०. एकूण ४०,०००. हातमागाचा सदरा ७३० ला पडून १२०० ला गेला तर ४७० रुपये सुटतात. म्हणजे महिन्यास ८६ सदरे विकले की तोटा नाही. दिवसास तीन सदरे! वाचताना हे सोपे वाटते.

परंतु शिवलेला प्रत्येक सदरा पुऱ्या किमतीस जात नाही. शंभरांपैकी वीस मागे राहतात असे धरा. कोणाचा रंग आवडत नाही, कोणाचे माप कोणासच बसत नाही. ते अखेर निम्म्या किमतीस, ६०० ला, काढावे लागतात आणि प्रत्येकी १३० रुपये पदरचे जातात. ऐंशी सदऱ्यांवर ३७,६०० मिळाले, विसांवर २,६०० गेले. शंभरांवर राहिले ३५,०००, म्हणजे सदऱ्यामागे ४७० नव्हे, ३५०. आता चाळीस हजार भागविण्यास ८६ पुरत नाहीत. ११५ सदरे लागतात. आणि एवढे विकूनही घरी नेण्यास एक रुपया उरत नाही. केवळ तोटा टळतो.

भांडवलाचे गणित याहून कठीण आहे. सूत घेतल्यापासून कापड निघण्यास महिना, रंगाई-शिवणीस आणखी तीन आठवडे, आणि मग फळीवर दोन-अडीच महिने. रुपया गेला तो सरासरी चार महिन्यांनी परत येतो. महिन्यास ११५ सदरे, दरास ७३०, असे चार महिन्यांचे ३,३५,८०० रुपये सदैव अडकून राहतात. कांदा चाळीत ठेवणाऱ्या शेतकऱ्यास अडकलेल्या मालाची काळजी समजते. पण कांदा एका हंगामात विकला वा सडला की प्रश्न मिटतो. कपडा सडत नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे भांडवल दाबून बसतो. पीककर्जाचा पैसा तर या कामी मुळीच लावू नये. त्याच्या परतफेडीची तारीख सदऱ्याच्या विक्रीशी कधीच जुळावयाची नाही.

मागे राहणारा माल कमी करणे हीच या धंद्याची किल्ली आहे, आणि ती हौसेच्या हाती देता कामा नये. नवीन दुकानात पाच मापे, चार रंग व तीन तऱ्हा ठेवल्या की साठ प्रकार झाले. प्रत्येकाचे तीनच नग ठेवले तरी १८० सदरे, म्हणजे १,३१,४०० रुपये फळीवर पडले, आणि तरीही गिऱ्हाइकास हवे ते माप हव्या त्या रंगात नसतेच. त्याऐवजी दोन तऱ्हा, दोन रंग, चार मापे असे सोळाच प्रकार करून प्रत्येकाचे पाच नग ठेवले तर ८० सदऱ्यांत काम भागते. दुकान थोडे ओके दिसेल. दिसू द्यावे. उरलेले कापड कोरेच ठेवावे. कोऱ्या कापडास मापही नसते आणि रंगही नसतो, म्हणून ते अडून बसत नाही. मागणी येईल तसे रंगवावे व शिवावे.

येवल्याकडे पाहिल्यास हीच गोष्ट निराळ्या रीतीने दिसते. पैठणीचे रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेची; येवल्याच्या मातीत पिकलेले त्यात काहीच नाही. तरी तो धंदा घरोघरच्या मागांवर टिकून आहे, कारण तेथे विकले जाते ते कसब. उत्तम पैठणीस महिनेच्या महिने लागतात, आणि गिऱ्हाईक पुष्कळदा स्वतः विणकराच्या घरी येऊन, माग पाहून, पसंती सांगून जाते. दुकानाचे भाडे नाही, आणि न खपणाऱ्या मालाची रास नाही. २०१० साली पैठणीस भौगोलिक निर्देशांक मिळाल्याने नावासही कायद्याचा आधार झाला. यंत्रावरच्या नकला होतात, नाही असे नाही. पदराची उलटी बाजू पाहिली की त्या ओळखू येतात. हातच्या पैठणीत मोर-पोपट उलटसुलट सारखेच दिसतात, यंत्राच्या मालात मागे सुटे धागे लोंबतात. सुती सदऱ्याची पैठणीशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण आधी गिऱ्हाईक, मग माल, हा क्रम तेथून उचलण्याजोगा आहे. द्वारकेचा गाळा न घेता गावच्या घरातून, मागणीप्रमाणे काम केले, तर वरच्या हिशेबातून १५,००० गळतात आणि ११५ च्या जागी ७२ सदऱ्यांत तोंडमिळवणी होते. गाळ्याने महिन्यास ४३ सदरे जास्त विकून दाखविले पाहिजेत, तरच तो घ्यावा. शाळांचे गणवेश, द्राक्षबागा पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या उताऱ्यांतील चादरी व पडदे, असल्या ठोक मागण्या दिसण्यात रुक्ष असतात. परंतु त्यांत मापांचा घोळ थोडा आणि पैशांची निश्चिती अधिक. उधारी मात्र तीस दिवसांपलीकडे जाऊ देऊ नये.

आता रंगाईविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास खरा लाभ कापसात नसून येथे आहे असे आमचे मत आहे. सटाणा, देवळा, मालेगाव या भागांत डाळिंब. लासलगाव, पिंपळगावच्या चाळींत कांद्याच्या पापुद्र्यांचे ढीग. आणि दसरा-दिवाळी उलटली की मातीमोल होणारा झेंडू. उकिरड्यावर जाणाऱ्या या तिन्ही वस्तू रंगाच्या आहेत. तडकलेल्या, बाजारात न जाणाऱ्या डाळिंबाची साल सावलीत वाळवून पोत्यात भरली तर वर्षभर टिकते.

रीत अशी. कोऱ्या कापडास खळ असते. ती निघाल्यावाचून रंग डागाडागांनी बसतो. म्हणून कापड रात्रभर पाण्यात भिजवून, मग धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून, खळखळून धुवावे. नंतर किलो कापडास १५० ते २०० ग्रॅम हिरड्याची पूड घेऊन त्याच्या पाण्यात कापड बुडवावे व न पिळता वाळवावे. सुती धाग्यास रंग स्वभावतः धरत नाही. हिरड्यातील तुरट द्रव्य त्यास धरावयास लावते. मग किलोस १०० ते १५० ग्रॅम तुरटीचे पाणी द्यावे. अखेर रंगद्रव्य : डाळिंबाची वाळलेली साल कापडाच्या वजनाइतकी, कांद्याचे पापुद्रे निम्मे पुरतात. तासभर मंद आचेवर ठेवून तसेच निवू द्यावे. डाळिंबाने पिवळा, कांद्याने तांबूस-सोनेरी, झेंडूने लखलखीत पिवळा येतो. गंजके लोखंड, गूळ व पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवून लोहाचे पाणी तयार होते. त्यात डाळिंबाचे पिवळे कापड क्षणभर बुडविले की हिरवट करडा वा जवळजवळ काळा रंग उतरतो. हे पाणी जास्त झाले तर कापड कुजते, म्हणून हात आखडता ठेवावा. लाल रंगास मंजिष्ठा व निळ्यास नीळ विकत घ्यावी लागेल. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना व गूळ घालून पिंप आंबवावे लागते आणि त्यातून हिरवट निघालेले कापड वाऱ्यावर निळे होते. ही विद्या जाणत्याजवळ राहून शिकावी, वाचून येणार नाही.

सर्व झाडपाल्याचे रंग सारखे टिकत नाहीत. नीळ व मंजिष्ठा पक्क्या, डाळिंब बरे, कांदा व झेंडू उन्हात उतरतात, आणि हळदीचा रंग तर कपड्यास लावूच नये, तो उन्हात पाहता पाहता जातो. प्रत्येक रंगाईतील वीतभर तुकडा निम्मा पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवावा. झाकलेल्या व उघड्या भागांत डोळ्यांस भेद दिसला तर तो रंग सदऱ्यास न वापरता उशीच्या अभ्र्यास वापरावा. दुसरी एक समजूत अशी आढळते की, झाडपाल्याचा रंग आहे म्हणून त्याचे पाणी कोठेही सोडावे. तुरटीचे व लोहाचे पाणी विहिरीच्या वा ओढ्याच्या तोंडाशी सोडणे हे आपल्याच तत्त्वाविरुद्ध आहे. तुरटीचे पाणी पुन्हा ताजी तुरटी घालून तीन-चार वेळा वापरता येते. शेवटचे चुना टाकून निवळू द्यावे. उकळलेला चोथा खतखड्ड्यात जाईल. आणि जळण म्हणून डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या आहेतच.

बेतताना कापडाचा आठवा-दहावा हिस्सा तुकड्यांत जातो. ते तुकडे वजनावर देऊन टाकू नयेत. आमच्या भागातील बायकांस गोधडी शिवण्याची कला सांगावी लागत नाही, आणि एकाच रंगछटेच्या तुकड्यांची लहान गोधडी बाळंतविड्यासाठी लोक सदऱ्याहून आनंदाने घेतात.

मात्र ती शिवणारी घरची असली तरी तिची मजुरी वहीत लिहिली पाहिजे. आम्ही या एका गोष्टीविषयी कठोर आहोत. घरच्या सुनेने दिवसाचे सहा तास शिवणीस दिले, तेवढे निंदणी-खुरपणीस बाहेरची बाई लावावी लागली, आणि वर्षअखेर यजमानांनी ‘धंद्यात साठ हजार सुटले’ असे सांगितले, तर ते साठ हजार धंद्याचे नव्हेत, सुनेचे आहेत. खातेवहीत तिच्या नावाचे पान असावे व दरमहा पैसे तिच्या हाती किंवा तिच्या बँकखात्यात पडावे. ते दिल्यावर धंद्यात काही उरत नसेल, तर धंदा चालत नाही असे समजावे.

जीएसटीचे भय पुष्कळांस वाटते. मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असून ती राज्यातल्या राज्यात होत असेल, तर सामान्यतः नोंदणी सक्तीची नाही. वरच्या हिशेबातील दुकानाची विक्री १५ लाखांच्याही आत आहे. नोंदणी केलीच, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यास शेकडा ५ हा दर आहे. परराज्यात माल पाठविण्यापूर्वी हिशेबनिसास विचारून घ्यावे.

ज्यांना हे वाचूनही आरंभ करावयाचा आहे, त्यांनी पहिल्या वर्षी गाळा, यंत्रे व फलक यांच्या मागे लागू नये. मालेगावचे शंभर मीटर कोरे सुती व हातमागाचे पन्नास मीटर घ्यावे. डाळिंबाच्या पुढच्या बहाराची साल आतापासून वाळत घालावी. दोनच रंग बसवून, पंधरा दिवसांचे ऊन दाखवून, साठ सदरे शिवावे, आणि ते ओळखीच्यांस फुकट न वाटता पुऱ्या किमतीस विकून पाहावे. साठ सदरे किती दिवसांत गेले, कोणते माप आधी संपले, कोणी दुसऱ्यांदा मागितला, आणि सहा महिने धुतल्यावर कोणाचा कोठे उसवला, एवढे चार रकाने वहीत भरावे. सिंहस्थाच्या यात्रेकरूंसाठी एकदम हजार पंचे-उपरणी काढण्याचा मोह २०२७ च्या सुमारास पुष्कळांस होईल. ज्यांच्या वहीत हे चार रकाने भरलेले नसतील त्यांनी तो अंगावर घेऊ नये.